आधी ठरलेलं बरं

१३ मार्च २०२० ला शुक्रवार होता. सकाळी सव्वानऊला शेअर बाजार उघडला आणि काही मिनिटांतच निफ्टी दहा टक्क्यांनी कोसळला. सेन्सेक्स तीन हजारांहून जास्त अंशांनी खाली आला. करोनाच्या बातम्यांनी घाबरलेल्या लोकांनी मिळेल त्या भावाला शेअर विकायला काढले होते, आणि एकाची विक्री बघून दुसरा आणखी घाबरत होता. तेवढ्यात व्यवहार थांबले. पंचेचाळीस मिनिटं कुणाला काही घेता येईना की विकता येईना. बाजार पुन्हा सुरू झाला तेव्हा वारं फिरलं होतं. दिवसअखेर सेन्सेक्स आदल्या दिवसापेक्षा १,३२५ अंशांनी वर बंद झाला.

व्यवहार आपोआप थांबवणारं हे ‘सर्किट’ कुणी त्या सकाळी घाईघाईने शोधून काढलं नव्हतं. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने ते २००१ सालीच ठरवून ठेवलं होतं: निर्देशांक दहा, पंधरा किंवा वीस टक्के हलला की व्यवहार ठरावीक वेळ थांबवायचे. खाली गेला तरी, आणि वर गेला तरी. १८ मे २००९ ला, लोकसभेच्या निकालानंतर, बाजार इतका उसळला की व्यवहार त्या दिवसापुरते बंदच करावे लागले. भीतीला जो लगाम तोच हावेलाही. पुढे २३ मार्च २०२० ला पुन्हा सर्किट लागलं, पुन्हा पंचेचाळीस मिनिटं सगळं थांबलं, आणि त्या वेळी मात्र बाजार सावरला नाही. सेन्सेक्स ३,९३४ अंशांनी पडला. म्हणजे बाजार वर जाईल अशी हमी या नियमाने कधीच दिली नव्हती. त्याने विचार करायला वेळ दिला, आणि दलाल स्ट्रीटवरच्या बड्या दलालाला जेवढा दिला तेवढाच डोंबिवलीत मोबाइलवर आपली पुंजी वितळताना बघणाऱ्या निवृत्त कारकुनालाही दिला.

बेभरवशाचा काळ आला की आपल्याकडे दोन सूर लागतात. एक म्हणतो, वेळ आणीबाणीची आहे, नियमबियम बाजूला ठेवा, जो धडाडीचा आहे त्याला हवं ते करू द्या. दुसरा म्हणतो, लोकांना शिस्त कशी ती नाही, रोज नवा हुकूम काढा. दोघे एकमेकांचे विरोधक वाटतात, पण पोचतात एकाच जागी: उद्या काय होणार हे कुणा एकाच्या मर्जीवर जातं. माझं म्हणणं असं, की काळ जितका अनिश्चित तितकी आधी ठरलेल्या, मोजक्या आणि सगळ्यांना सारख्या लागू असलेल्या नियमांची गरज जास्त. ते आपले आपण पाळले तर माणूस जेवढा मोकळा राहतो तेवढा नियम मोडून कधीच होत नाही. मुंबईत राहणाऱ्याला हे पटवायला खरं तर फार कष्ट पडू नयेत.

करोनाची दोन वर्षं आठवून बघा. जून २०२० मध्ये दुकानं उघडली ती सम-विषम पद्धतीने, रस्त्याच्या एका बाजूची आज, दुसऱ्या बाजूची उद्या. त्याच महिन्याच्या अखेरीस पोलिसांनी सांगितलं की घरापासून दोन किलोमीटरच्या पलीकडे जायचं नाही. हजारो गाड्या जप्त झाल्या. ते दोन किलोमीटर मोजायचे कसे, नेहमीचा डॉक्टर अडीच किलोमीटरवर असेल तर काय करायचं, हे नाक्यावरच्या हवालदारालाही सांगता येईना. आठवडाभरात ते बंधन गुंडाळावं लागलं. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये गाड्यांच्या काचांवर लाल, हिरवे, पिवळे स्टिकर लावायचा आदेश निघाला, आणि लोक रंगीत कागद शोधत फिरत होते तोवर तोही मागे घेतला गेला.

त्या दिवसांत लोक नियम मोडत होते, असं आपण सर्रास म्हणतो. मी जे पाहिलं त्यात बहुतेक लोक नियम कोणता हेच विचारत होते. आमच्या इमारतीच्या व्हॉट्सअॅप गटावर रात्री कुणीतरी परिपत्रकाचा फोटो टाकायचं आणि खाली पहिला प्रश्न यायचा, ‘हे नवीन आहे का जुनं?’ ज्याच्या ओळखीचं कुणी पोलिस ठाण्यात किंवा वॉर्ड ऑफिसात असेल त्याला उत्तर मिळायचं. बाकीचे घरी बसायचे. अस्पष्ट नियमाचा फायदा नेहमी ओळखीपाळखीवाल्यालाच होतो.

त्याच काळातली दुसरी दोन उदाहरणं मला महत्त्वाची वाटतात. १ फेब्रुवारी २०२१ पासून लोकल सगळ्यांसाठी सुरू झाली ती वेळा ठरवून: पहिल्या गाडीपासून सकाळी सातपर्यंत, दुपारी बारा ते चार, आणि रात्री नऊनंतर. वेळा गैरसोयीच्या होत्या, कचेरीत जाणाऱ्याला तर जवळजवळ निरुपयोगीच. तरीही कल्याण-विरारकडून येणाऱ्या माणसांनी त्यांच्याभोवती आपला दिवस बसवला. कुणी सातच्या आतली गाडी पकडून दादरला उतरायचं आणि दुकानाचं शटर वर जाईपर्यंत फलाटाबाहेर चहा घेत थांबायचं. कुणी मालकाशी बोलून पाळी बदलून घेतली. घरकाम करणाऱ्या बायकांनी सकाळची कामं दुपारवर नेली. गैरसोयीचा असला तरी पक्का नियम माणसाला हाताशी धरता येतो. रोज बदलणारी सोय धरता येत नाही.

आणि जून २०२१ मध्ये राज्याने पाच स्तरांची पद्धत आणली. चाचण्यांत बाधित निघण्याचं प्रमाण पाच टक्क्यांपेक्षा कमी आणि ऑक्सिजनच्या पंचवीस टक्क्यांपेक्षा कमी खाटा भरलेल्या असतील तर पहिला स्तर, म्हणजे जवळपास सगळं खुलं. आकडे चढतील तशी बंधनं चढणार, उतरतील तशी उतरणार. जाहीर करताना सुरुवातीला गोंधळ झाला हे खरं आहे. पण त्या पद्धतीने हॉटेलवाल्याला, सलूनवाल्याला, लग्नाचा हॉल घेऊन बसलेल्या मुलीच्या बापाला पहिल्यांदा स्वतः आकडे बघून अंदाज बांधता येऊ लागला. संध्याकाळी सात वाजता टीव्हीवर कोण काय बोलतंय याकडे डोळे लावून बसायची वेळ कमी झाली. त्या दोन वर्षांतला राज्यकारभारातला हा सर्वांत प्रौढ निर्णय होता असं मला वाटतं, आणि त्याची आठवण कुणी काढत नाही याचं वाईट वाटतं. पुढचं संकट येईल तेव्हा आपण पुन्हा स्टिकरपासून सुरुवात करू नये एवढ्यासाठी तरी ती काढायला हवी.

नियम नसले की स्वातंत्र्य येतं, असं ज्याला मनापासून वाटतं त्याने सुट्टीच्या दिवशी गिरगावातल्या किंवा लालबागेतल्या एखाद्या चाळीच्या आवारात उभं राहून पोरांचं क्रिकेट बघावं. खेळ सुरू व्हायच्या आधी बराच वेळ नुसती घासाघीस चालते. समोरच्या भिंतीला टप्पा न पडता लागला तर आऊट की चौकार? पहिल्या मजल्याच्या गॅलरीत गेला तर आऊट, आणि बॉल आणायला मारणाऱ्यानेच जायचं. एक टप्पा, एक हात. पायचीत नाही, कारण अंपायर बॅटिंगवाल्यांचाच असतो. सगळ्यांत लहान पोराला पहिला बॉल ट्राय. हे सगळं मान्य झालं की मग त्या अरुंद बोळात, पाण्याची पिंपं, दोरीवरचे कपडे आणि मधूनच जाणारी एखादी आजी सांभाळत खेळ तासन्‌तास रंगतो. ठरलं नाही, तर पहिल्याच झेलाला भांडण होतं, आणि मग ज्याची बॅट असते त्याचं खरं होतं. तो बॅट काखेत मारून घरी निघाला की बाकी नऊ जणांचं स्वातंत्र्य संपलं. त्या पोरांना कुणी नागरिकशास्त्र शिकवलेलं नसतं. नियमाशिवाय खेळताच येत नाही हे त्यांना खेळूनच कळलेलं असतं.

रिक्षाच्या मीटरचंही तेच. रात्री साडेअकराला घाटकोपर स्टेशनबाहेर एकटी बाई रिक्षात बसते. तिची आणि रिक्षावाल्याची ओळख नाही, दोघांची भाषा एक असेलच असं नाही. पण पहिल्या दीड किलोमीटरला २६ रुपये हे दोघांनाही माहीत आहे. भाव ठरवायची वेळ आली की ज्याचा आवाज मोठा किंवा ज्याची गरज कमी, तो जिंकतो. रात्री एकट्या बाईकडे यांतलं काहीच नसतं. मीटर सुरू झाला की आवाजाचा प्रश्नच उरत नाही. जवळचं भाडं नाकारणाऱ्या रिक्षावाल्यांचा मलाही राग येतो. तो राग बोलून दाखवता येतो, तक्रार करता येते, कारण काय व्हायला हवं होतं ते आधीच ठरलेलं आहे.

आता प्रश्न उरतो पाळायचं कुणी याचा. पोलिस, महापालिका, रेल्वे यांनी कितीही भरती केली तरी मुंबईतल्या प्रत्येक रांगेत आणि प्रत्येक डब्यात उभा करायला माणूस पुरणार नाही. हे शहर चालतं ते लोकांनी स्वतःला घालून घेतलेल्या बंधनांवर. स्टेशनबाहेरच्या शेअर रिक्षाच्या रांगेकडे पाहा. बहुतेक ठिकाणी तिथे कठडा नाही की शिपाई नाही. तरी पावसात छत्र्या सावरत माणसं एकामागे एक उभी असतात, आणि कुणी मध्ये घुसलाच तर मागून दोन-तीन आवाज एकदम येतात, ‘ओ भाऊ, लाइन आहे.’ त्या रांगेत कंपनीचा मॅनेजर आणि त्याच्याच ऑफिसातला शिपाई मागेपुढे असू शकतात. मॅनेजरला पुढे जाता येत नाही, म्हणून शिपायाला घरी वेळेवर पोचता येतं.

डबेवाल्यांचं कौतुक आपण पुष्कळ करतो, पण ते त्यांच्या अचूकपणाचं. त्यामागची व्यवस्था मला जास्त शिकण्यासारखी वाटते. १८९० च्या सुमारास सुरू झालेलं हे काम मावळ, खेड, जुन्नर, आंबेगावकडच्या माणसांनी चालवलं. कुणी कुणाचा नोकर नाही, प्रत्येक जण आपल्या गटातला भागीदार. वरून हुकूम सोडणारा साहेब नाही, आणि नेमके म्हणूनच आतले नियम कडक. कामावर पांढरी टोपी हवी. कामाच्या वेळात दारू नाही. न सांगता खाडा केला तर दंड. डब्याच्या झाकणावरच्या खुणा, म्हणजे कुठल्या भागातून उचलला, कुठल्या स्टेशनवर उतरवायचा, कुठल्या इमारतीत कितव्या मजल्यावर द्यायचा, सगळ्यांनी एकाच पद्धतीने रंगवायच्या. कुणी आपली वेगळी तऱ्हा काढायची नाही. या एका बंधनामुळे काय होतं बघा. एखाद्याच्या घरी दुखणं आलं, गावाला जत्रा आली, तर त्याचे डबे दुसरा कुणीही उचलू शकतो, कारण झाकणावरची खूण दोघांनाही सारखीच वाचता येते. ज्याचं काम फक्त त्यालाच कळतं त्याला सुट्टी घेता येत नाही. डबेवाल्याला ती मिळते खुणांच्या शिस्तीमुळे.

२०२० मध्ये लोकल बंद झाली, कचेऱ्या ओस पडल्या आणि या माणसांचं उत्पन्न एका फटक्यात थांबलं. अनेकांना गाव गाठावं लागलं. त्यांचे नियम त्यांना त्या तडाख्यातून वाचवू शकले नाहीत, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. नियम संकट टाळत नाहीत. संकट ओसरल्यावर जे परत आले त्यांना मात्र काम कसं करायचं हे नव्याने शोधत बसावं लागलं नाही.

इथे एक शंका येणारच, आणि यायलाही हवी. ज्यांनी १९७५ ते ७७ चा काळ पाहिला त्यांच्या कानाला शिस्तीची स्तुती गोड लागत नाही. विनोबांच्या तोंडचा ‘अनुशासनपर्व’ हा शब्द तेव्हा सरकारने प्रचाराला जुंपला. गाड्या वेळेवर धावतात, कचेऱ्यांत माणसं वेळेवर येतात, असं कौतुक चाललं होतं, आणि त्याच वेळी वर्तमानपत्रांवर सेन्सॉर बसला होता, माणसं खटल्याविना तुरुंगात होती. १९७५ च्या कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष म्हणून दुर्गाबाई भागवत त्याविरुद्ध उभ्या राहिल्या आणि पुढे त्यांनाही तुरुंगात जावं लागलं. मी हे सगळं माझ्या म्हणण्याच्या विरोधातलं मानत नाही. आणीबाणीत हुकूम भरपूर होते, पण हुकूम काढणाऱ्याला बांधून ठेवणारं काही शिल्लक नव्हतं. नियम ओळखायची माझी खूण साधी आहे: तो वेळ येण्याआधी ठरलेला असावा, करणाऱ्यालाही लागू असावा, आणि तो बदलायचा कसा हेही सगळ्यांना माहीत असावं. यांतलं एक जरी नसलं तर त्याला मी मर्जीच म्हणेन, मग ती कितीही वक्तशीर असो.

याची सर्वांत मोठी साक्ष मला महाडची वाटते. १९२३ साली मुंबईच्या कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांनी मांडलेला ठराव मंजूर झाला: सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात. १९२४ मध्ये महाडच्या नगरपालिकेने चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागदावर सगळं झालं होतं. गावात मात्र रूढीचीच मर्जी चालत होती. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आणि त्यांच्याबरोबरची माणसं तळ्यावर गेली ती झालेला नियम खरा करायला. त्यासाठी त्यांनी मार खाल्ला. आणि याच माणसाने २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत बजावलं, की घटनात्मक मार्ग खुले असताना इतर मार्गांनी जाणं हे अराजकाचं व्याकरण आहे. ज्याच्या मागे पैसा, जात, ओळख, मनगट यांतलं काही उभं असतं त्याचं नियमावाचून निभतं. ज्याच्या मागे काहीच नसतं त्याला नियमाइतका दुसरा आधार नाही, हे बाबासाहेबांना पुस्तकातून शिकावं लागलं नव्हतं.

फेरीवाल्यांचं आजचं जगणं बघा. दादर स्टेशनच्या पश्चिमेला जी बाई टोपलीत मेथी-कोथिंबीर घेऊन बसते ती आज मोकळी आहे की बांधलेली? कागद नाही म्हणून तिला कुणी भाडं मागत नाही, वेळ ठरवून देत नाही. पण महापालिकेची ‘गाडी आली’ अशी हाक आली की पोतं चारही कोपऱ्यांनी उचलून पळायचं, आणि हाक कधी येईल हे कुणालाच ठाऊक नाही. त्या न ठाऊक असण्यावर हप्ता उभा राहतो. २०१४ साली केंद्राने पथविक्रेत्यांचा कायदा केला. दर पाच वर्षांनी सर्वेक्षण, शहर फेरीवाला समितीत चाळीस टक्के जागा निवडून आलेल्या फेरीवाल्यांना, आणि सर्वेक्षण पुरं होईपर्यंत कुणाला उठवायचं नाही. मुंबईत त्या समितीसाठी फेरीवाल्यांचं मतदान व्हायलाच २०२४ चा ऑगस्ट उजाडला. दहा वर्षं. या दहा वर्षांत फुटपाथवरून चालणाऱ्यालाही न्याय मिळाला नाही, कारण कुठे बसायचं हे ठरलं नाही तर कुठे बसायचं नाही हेही ठरत नाही. पादचारी आणि भाजीवाली यांना एकमेकांविरुद्ध उभं करून भांडत ठेवणारी गोष्ट आहे ती नियमाची टाळाटाळ.

पण ‘आमचं आम्ही बघून घेऊ’ एवढ्यावरही माझा विश्वास नाही. स्वनियमन म्हणजे बंद दाराआडचा समजूतदारपणा, असा अर्थ लावला की ते सडतं. पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँक सहकारी होती, सभासदांची होती, संचालक मंडळ निवडलेलं होतं. एकाच समूहाला किती कर्ज द्यायचं याची मर्यादाही होती. तरी सत्तर टक्क्यांहून जास्त कर्ज एकाच बांधकाम समूहाकडे गेलं आणि ते लपवलं गेलं. सप्टेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले तेव्हा ठेवीदाराला स्वतःच्याच पैशांतून सुरुवातीला फक्त एक हजार रुपये काढता येत होते. तिथे नियम कमी पडले नाहीत. ते पाळले जातात की नाही हे बघणारा डोळा बाहेरचा आणि उघडा नव्हता.

दहीहंडीचं वेगळं. वर चढणाऱ्या पोराचं वय किती असावं हे गोविंदा पथकांनी आणि आयोजकांनी मिळून आधी ठरवलं असतं तर प्रकरण न्यायालयात गेलंच नसतं. ठरवलं नाही, म्हणून २०१४ मध्ये उच्च न्यायालयाने वय अठरा आणि उंची वीस फूट असं बंधन घातलं, ते सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, आणि २०१७ मध्ये उंचीची मर्यादा निघाली व चौदा वर्षांखालच्या मुलांना चढवायचं नाही एवढं उरलं. तोवर दर श्रावणात ‘आमच्या सणात न्यायालय कशाला’ अशी ओरड झाली. माझं उत्तर सरळ आहे. आपण रिकामी ठेवलेली जागा कुणीतरी भरणारच. याच शहरात २०२० साली लालबागच्या राजाच्या मंडळाने त्या वर्षी मूर्तीच न बसवता रक्तदान आणि प्लाझ्मादानाचा आरोग्योत्सव घेतला. सरकारने मंडळांसाठी चार फुटांची मर्यादा घातली होती, मूर्तीवर बंदी घातली नव्हती. गर्दी आपल्यामुळे होते हे मंडळाने ओळखलं आणि सरकारने मागितलं त्याहून मोठं बंधन स्वतःला लावून घेतलं. त्या निर्णयावर कुणाला न्यायालयात जावं लागलं नाही.

सध्या हा प्रश्न मध्यमवर्गीय मुंबईकराच्या दारात उभा आहे तो पुनर्विकासाच्या रूपाने. विलेपार्ल्यात, चेंबूरला, मुलुंडला, बोरिवलीत ज्या गल्लीत जावं तिथे एखादी जुनी इमारत हिरव्या जाळीमागे गेलेली दिसते. सामान्य कुटुंबाच्या आयुष्यात याहून मोठी अनिश्चितता क्वचितच येते. आपलं घर रिकामं करून द्यायचं, भाड्याच्या घरात जायचं, आणि बिल्डरच्या शब्दावर तीन वर्षं मोजायची. ती तीनच राहतील याची खात्री नाही. भाड्याचे धनादेश मध्येच थांबलेली म्हातारी माणसं प्रत्येकाच्या माहितीत आहेत.

बाहेरचे नियम आहेत. १ मे २०१७ पासून महारेरा, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर देखरेख करणारं राज्याचं प्राधिकरण, आहे. ग्राहकांकडून घेतलेल्या रकमेपैकी सत्तर टक्के वेगळ्या खात्यात ठेवायचे आणि ते त्याच प्रकल्पावर खर्चायचे हे बिल्डरला बंधनकारक आहे. सोसायट्यांच्या पुनर्विकासासाठी सहकार कायद्याच्या कलम ७९ (अ) खाली २००९ मध्ये आणि मग ४ जुलै २०१९ ला सूचना निघाल्या: बिल्डर निवडीच्या सभेचं चित्रीकरण, उपनिबंधक कार्यालयाच्या प्रतिनिधीची हजेरी, कमिटीवरच्या माणसाने किंवा त्याच्या नातेवाइकाने बिल्डर म्हणून यायचं नाही. पण या सूचना मार्गदर्शक आहेत, शब्दशः बंधनकारक नाहीत, असं उच्च न्यायालयाने म्हटलेलं आहे. म्हणजे त्या पाळायच्या की नाही हे शेवटी सोसायटीनेच स्वतःला सांगायचं.

आणि इथे आपण कमी पडतो. पाण्याची गळती, पार्किंग, कुत्री यांवर रात्री बारापर्यंत भांडणारे सभासद पुनर्विकासाच्या वेळी म्हणतात, ‘सेक्रेटरी बघतायत ना.’ गणपूर्तीअभावी सभा अर्धा तास तहकूब होते आणि मग हजर असतील तेवढ्यांत उरकते. एखाददुसरा सभासद प्रश्न विचारू लागला की त्याला ‘खोडा घालणारा’ ठरवतात. सेक्रेटरी प्रामाणिक असला तरी हे वाईट आहे. उलट प्रामाणिक असेल तर त्याच्यासाठी जास्तच वाईट, कारण उद्या बोट त्याच्याकडेच जाणार आणि आपला प्रामाणिकपणा दाखवायला त्याच्या हातात एक कागद नसणार. नियमाने सगळ्यांत आधी मोकळा होतो तो असा पदाधिकारी. बिल्डरचा माणूस ‘साहेब, जरा बाहेर भेटू’ म्हणाला की त्याला सांगता येतं, आमच्या सभेचा ठराव आहे, एकट्याने भेटता येत नाही.

तेव्हा ठरवायचं ते असं. कमिटीवरच्या कुणीही बिल्डरला एकट्याने भेटायचं नाही. भेट झाली तर काय बोलणं झालं ते दुसऱ्या दिवशी गटावर टाकायचं. प्रस्ताव बंद पाकिटातून घ्यायचे आणि पाकिटं सर्वसाधारण सभेसमोरच उघडायची. कुणाचा भाचा, जावई, मित्र कुठल्या बिल्डरकडे किंवा सल्लागाराकडे असेल तर ते त्याने सभेत उठून सांगायचं. बँक गॅरंटी हातात आल्याशिवाय आणि करार नोंदल्याशिवाय एकाही घराची चावी द्यायची नाही, मग इतर सगळ्यांनी दिल्या असल्या तरी. नव्या इमारतीत कुणाला कितवा मजला हे कशाने ठरणार, चिठ्ठ्यांनी की जुन्या मजल्याच्या हिशेबाने, हे नकाशे येण्याआधी लिहून ठेवायचं, कारण नकाशे आल्यावर प्रत्येकाला आपलं घर दिसायला लागतं आणि शेजाऱ्याचं दिसेनासं होतं. इतिवृत्त आठ दिवसांत फलकावर लावायचं. वर्षातून एकदा हे सगळं सोसायटीबाहेरच्या, फी देऊन नेमलेल्या माणसाकडून तपासून घ्यायचं.

बिल्डर दारात आल्यावर यांतलं काहीही मांडलं की कुणावर तरी संशय घेतल्यासारखं होतं. आज मांडलं तर तसं होत नाही. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावीच लागते. विषयपत्रिकेवर हिशेबाची मंजुरी आणि लिफ्टच्या दुरुस्तीपलीकडे काही नसेल तर उत्तम. त्याच सभेत हा ठराव आणावा, सूचक आणि अनुमोदक यांची नावं इतिवृत्तात लिहून घ्यावीत, आणि खाली पहिली सही सेक्रेटरीने करावी.